डार्विनची दुपार

चार्ल्स डार्विन दिवसाला जेमतेम चार तास काम करायचा, हे सांगितलं की ओपीडीतले थकलेले रुग्ण हसतात. पण ते खरं आहे.

‘बीगल’ जहाजावरची पाच वर्षांची सफर संपवून तो १८३६ मध्ये परतला. काही वर्षांतच उलट्या, छातीत धडधड, कमालीचा थकवा यांनी त्याला गाठलं. आजार नेमका कोणता, यावर आम्हा डॉक्टरांचं अजून एकमत नाही. १८४२ मध्ये लंडन सोडून तो केंटमधल्या डाउन गावी गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

सकाळी आठ ते साडेनऊ काम. मग पत्रं. साडेदहा ते बारा पुन्हा काम, की मुख्य काम आटोपलं! त्यानंतर घरामागच्या वाळूच्या वाटेवर फेऱ्या. फेऱ्या मोजायला वळणावर गारगोट्या रचलेल्या. दर फेरीला एक पायाने उडवायची. दुपारी तीनला तो आडवा व्हायचा आणि पत्नी एमा कादंबरी वाचून दाखवायची. संध्याकाळी आणखी तासभर काम.

अर्थात, वडिलोपार्जित पैसा होता, नोकरचाकर होते. एसटीच्या कंडक्टरला हे वेळापत्रक मी कसं लिहून देणार?

पण याच वेळापत्रकात बार्नेकल या चिवट सागरी जिवांवरचं आठ वर्षांचं काम झालं, १८५९ मध्ये उत्क्रांतीचा ग्रंथ आला. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवरचं पुस्तक निघालं. त्यासाठी त्याने कुंड्यांतल्या गांडुळांना मुलाकडून बसून हे वाद्य ऐकवलं होतं. गांडुळं हलली नाहीत.