स्वेच्छेचे दास्य

परकी सत्तेशी झुंज देण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांच्या कानांना ‘गुलाम’ हा शब्द मानवत नाही. त्यामुळे १६७७ साली अवघ्या सव्वीस वर्षांच्या एका गोमंतकीय पाद्रीने आपण देवमातेचे जन्माचे गुलाम झालो, असा करार स्वहस्ते लिहून दिला, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही थबकलो. त्या पाद्रीचे नाव जुझे वाझ.

१६५१ साली बाणावलीस जन्मलेल्या, सांकवाळच्या या तरुणाला १६७६ मध्ये गुरुदीक्षा मिळाली. युरोपियन धर्मसंघांची दारे त्या काळी एतद्देशीयांस बहुधा बंदच असत. कानडा मुलखात काही वर्षे काम करून परतल्यावर १६८५ मध्ये जुने गोवे येथील एतद्देशीय पाद्रींच्या संघात ते सामील झाले आणि त्या संघाला शिस्त लावली. पण मन रमले नाही. १६५८ साली जाफना घेऊन डचांनी सिलोनमधील कॅथलिक पाद्रींना हुसकावले होते. तिथला कॅथलिक समाज जवळजवळ तीस वर्षे निराधार होता. तिकडे जाणे म्हणजे जिवावर उदार होणेच.

१६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात जाफन्यास उतरले. पाठीशी ना आरमार, ना व्हाइसरॉयचे फर्मान. पोर्तुगिजांच्या तलवारीमागून आलेला धर्म आम्ही गोमंतकीयांनी पाहिला आहे. हा मनुष्य अनवाणी आला. अतिसाराने तो मरणाच्या दारी पोचला. बरा झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागला, कोणाची नजर त्या माळेवर खिळते ते पाहावे म्हणून. त्या नजरेवरून विखुरलेले भाविक त्याने हुडकून काढले.

१६९२ मध्ये कँडीच्या राजाने पोर्तुगिजांचा हेर समजून वाझ यांना कैदेत टाकले. कैदेतही त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास चालविला. पुढे अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला आणि राजाने संचाराची मोकळीक दिली, असे भाविक सांगतात. पावसाचा निवाडा आम्ही करीत नाही. आमचे मन ओढले जाते ते १६९७ च्या देवीच्या साथीकडे. आप्तांनी टाकलेले रोगी वाझ यांनी सोबतच्या गोमंतकीय पाद्रीसह धुतले, पुसले, भरविले, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे विचारले नाही.

स्वर्ग म्हणजे देवाचे अखंड सान्निध्य, आणि ते स्वकष्टाने कमवायचे नसून कृपेने लाभायचे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. मग एवढा देह झिजवायचा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. वाझ यांचा जीवनक्रम पाहता त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसावा. दासाने धन्याकडे मजुरीचा हिशेब मागायचा नसतो, इतके ते त्या करारात पुरते मुरले होते. त्यांची रात्र प्रार्थनेत जाई, दिवस पायपिटीत. बिशपपद चालून आले, तेही त्यांनी नाकारले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचा देह पडला. गोव्याचे दर्शन पुन्हा घडले नाही. २०१५ साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, तेव्हा लाखोंचा समुदाय लोटला होता. कँडीत ज्या जागी त्यांना मूठमाती दिली, ती नेमकी जागा मात्र आज कोणालाच दाखविता येत नाही.