दादासाहेब फाळके : उमेदवारीची वर्षे

द्वारकेच्या चौकातून मुंबईच्या रस्त्याला लागले की पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागते. आपण मुलांना घेऊन तेथे जातो, बागेत बसतो, डबे सोडतो आणि परत येतो. ज्यांच्या नावाचे हे स्मारक आहे त्यांना चित्रपटाचे जनक म्हणतात, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण वयाची चाळिशी येईपर्यंत या माणसाचा एकही धंदा टिकला नव्हता, हे पुष्कळ भगिनींना माहीत नसेल. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्या उमेदवारीच्या वर्षांची हकीकत लिहीत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलानेही शास्त्री व्हावे अशी घराची रीत. परंतु धुंडिराजांचा ओढा चित्रे, नकला आणि जादूचे खेळ यांकडे. वडिलांना मुंबईस अध्यापकाची जागा मिळाली आणि सारे कुटुंब तिकडे गेले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईची कामे शिकले.

शिक्षण झाले, आता पोट भरावयाचे. त्यांनी गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा मांडला. त्या काळी फोटो काढला की आयुष्य कमी होते अशी लोकांची समजूत. त्यातच प्लेगची साथ आली आणि त्यांची पहिली पत्नी व मूल दोघेही गेली. घर मोडले, गाव सुटले. नाटकांचे पडदे रंगविणे, जादूचे प्रयोग करणे, असे मिळेल ते काम ते करीत राहिले. जादूगार म्हणून आपले आडनाव उलटे करून ते प्रोफेसर केल्फा असे लावीत!

१९०२ च्या सुमारास त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. पुढे पुराणवस्तू खात्यात फोटो व नकाशांची सरकारी नोकरी मिळाली. आपल्यासारखीला वाटेल, आता सुखाचे दिवस आले. पण स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. छपाईचे नाव झाले, पण भागीदारांशी पटले नाही. स्वतः उभारलेल्या छापखान्यातून ते अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडले.

अशा रिकामपणी, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर का दिसू नयेत, हा ध्यास लागला. दुसऱ्या खेळाला त्यांनी सरस्वतीबाईंनाही नेले. रात्रंदिवस चित्रे पाहून आणि प्रयोग करून डोळे बिघडले, काही काळ दिसेनासे झाले. औषधोपचाराने दृष्टी परत आली तेव्हा विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून १९१२ साली ते इंग्लंडला गेले. तेथे काम शिकले आणि कॅमेरा घेऊन आले. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याचा वेल कसा वाढतो याचे छोटेसे चित्र त्यांनी प्रथम काढले. ते पाहून पैसे देणारा मिळाला.

आता मागे वळून पाहा. चित्रकला पडद्यांना उपयोगी पडली. फोटोग्राफी कॅमेऱ्याला लागली. छापखान्यातील रसायनांची माहिती फिल्म धुण्याला कामी आली. जादूचे खेळ देवादिकांचे चमत्कार दाखविण्यास आले. बुडालेल्या प्रत्येक धंद्याने काहीतरी शिदोरी बांधून दिली होती. हात मात्र कधी रिकामे राहिले नव्हते.

पण हा सारा पसारा चालला कोणाच्या बळावर? दादरच्या राहत्या घरीच काम सुरू झाले. काळोखात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे ही कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. शिवाय साठसत्तर माणसांचा स्वयंपाक रोज त्यांच्याकडे. पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. स्त्रिया पडद्यावर यावयास तयार नव्हत्या, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि लोकांनी गर्दी केली.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकास आणला. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली, बाईमाणूस पडद्यावर दिसू लागले. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. येथेही भागीदारांशी बिनसले आणि दादासाहेब काही काळ काशीला जाऊन राहिले. छापखान्याच्या वेळी घडले तेच पुन्हा घडले. यंत्र वळविणे त्यांना साधले, माणसे सांभाळून घेणे मात्र शेवटपर्यंत जड गेले. पुढे बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्र काढले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचे निधन झाले. संपत्ती अशी गाठीशी राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा मोठा सरकारी पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

भगिनींनो, आपल्या घरातही एखाद्या मुलाचे एका कामात बस्तान बसत नाही, दोन नोकऱ्या सुटतात आणि आपण त्याला नावे ठेवू लागतो. अशा वेळी तो घरी बसून आहे की काही शिकतो आहे, एवढे आधी पाहावे. शिकत असेल तर थोडा धीर धरावा. आणि त्याच्यासाठी घरातील बाई स्वतःचे दागिने आणि झोप देत असेल, तर तिचे नावही त्याच्या नावाशेजारी घ्यावे. पुढच्या वेळी स्मारकात जाल तेव्हा मुलांना दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाईंचीही गोष्ट जरूर सांगा.