सयाजीराव गायकवाड आणि खेड्यातील ग्रंथपेटी

मराठी वाङ्मयेतिहासात सयाजीराव गायकवाडांचा उल्लेख बहुधा आश्रयदाते म्हणून येतो. बडोद्यातील १९०९ व १९२१ ची साहित्य संमेलने आणि ग्रंथकारांना मिळालेले साहाय्य, एवढ्यावर आपले विवेचन थांबते. खेड्यातील शाळेपर्यंत त्यांनी पुस्तक नेले, हा भाग उपेक्षितच राहिला आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्याला धड अक्षरओळखही नव्हती. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागलेल्या या राजाने राज्याधिकार मिळाल्यावर (१८८१) शिक्षणाचा ध्यास घेतला, यात नवल नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. परंतु सक्तीची मुदत संपताच कुणब्याचे पोर शेतावर जाई, घरी छापील कागद नसे आणि शिकलेली अक्षरे चार-दोन वर्षांत पुसली जात. ग्रंथालयाची योजना ही या गळतीवरील उपाय होती.

तिला पूर्वपीठिका होती, हे चरित्रकार विसरतात. मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासूनच मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये उभी करण्यास आरंभ केला होता. १९१० मध्ये अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांनी या विखुरलेल्या प्रयत्नांना खात्याचे रूप दिले, आणि ग्रामीण वाचनालयांचे काम मोतीभाईंकडेच आले. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा नियम ठरला. जेथे तेवढेही बळ नव्हते तेथे फिरती पेटी जाई. पंधरा ते तीस पुस्तकांची ही लाकडी पेटी विनामूल्य मिळे. वाहतुकीचा खर्चही सरकारचा. सांभाळणारा बहुधा शाळामास्तरच. खेड्यातील वाचक गुजराती असल्याने पेटीतील पुस्तकेही मुख्यतः गुजरातीच असत. मराठी राजाने आपली भाषा त्यांच्यावर लादली नाही.

मुलांच्या हाती काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके समाधानकारक वाटत नाही. १९१२ मध्ये राखून ठेवलेल्या दोन लाख रुपयांच्या व्याजातून श्रीसयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला निघाल्या. बालज्ञानमाला नावाप्रमाणेच माहितीकडे झुकलेली होती. निखळ गोष्टीला तीत स्थान थोडे. मुलाला वाचनाची गोडी गोष्टीने लागते, माहिती मागाहून येते, हे त्या काळच्या शिक्षणविचारास फारसे मानवत नव्हते. दुसरी मर्यादा सामाजिक. अंत्यजांसाठी सयाजीरावांनी आरंभीच शाळा काढल्या होत्या. परंतु वाचनालय गावकऱ्यांच्या स्वाधीन केले की गावाची उतरंडही त्याबरोबर कपाटापाशी येऊन बसते. गौरवपर चरित्रांनी हा मुद्दा टाळला असला, तरी अभ्यासकाला तो टाळता येणार नाही.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले; मोतीभाईही त्याच महिन्यात गेले. तोवर संस्थानातील वाचनालयांची संख्या हजारावर गेली होती. १९४९ मध्ये बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ग्रंथालयांचे ते स्वतंत्र खातेही इतिहासजमा झाले.