कला शाखेचा जीवशास्त्रज्ञ : जे. बी. एस. हॉल्डेन

विज्ञान हा आपला प्रांत नव्हे, असे आपण कला शाखेचे विद्यार्थी सहज म्हणून जातो. परंतु ज्यांनी उत्क्रांतीला गणिताची बैठक दिली, त्या हॉल्डेन यांची पदवी विज्ञानाची नव्हती, हे वाचून मला नवल वाटले.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. खाणींतील विषारी वायूंची परीक्षा ते स्वतःवर करीत आणि मुलालाही त्यात सामील करून घेत. हॉल्डेन यांनी विद्यापीठात मात्र गणित, ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केले. पहिल्या महायुद्धात ते लढले, जखमी झाले. पुढे केंब्रिज व लंडन येथे त्यांनी अध्यापन केले.

डार्विनने नैसर्गिक निवडीचे तत्त्व सांगितले. पण ती निवड किती वेगाने घडते? १९२४ पासूनच्या लेखमालेत हॉल्डेन यांनी त्याचा हिशेब मांडला. मँचेस्टरच्या धुरकट परिसरात १८४८ साली एका जातीचा काळा पतंग प्रथम आढळला आणि सुमारे अर्ध्या शतकात फिकट पतंग तेथे दुर्मिळ झाले. यावरून काळ्यांची संतती फिकट्यांच्या सुमारे दीडपट टिकत असावी, असे त्यांनी दाखविले. फिशर व राइट यांच्यासह ते समूह-आनुवंशिकीचे संस्थापक मानले जातात.

दोन जाती एकमेकींपासून दुरावल्या, की त्यांच्या संकरित संततीत ज्या लिंगाची लिंगगुणसूत्रे भिन्न असतात, बहुधा तेच आधी वांझ निपजते किंवा जगत नाही. सस्तन प्राण्यांत नर, पक्ष्यांत मादी. १९२२ साली मांडलेला हा नियम नव्या जातींच्या उगमाचा शोध घेणाऱ्यांना आजही उपयोगी पडतो.

१९५७ साली ते भारतात आले, येथील नागरिक झाले, धोतर-कुडता वापरू लागले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

आपल्या चामोर्शी परिसराशी त्यांचा काय संबंध? थॅलेसेमियाचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्यांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे, म्हणूनच ते भूमध्य समुद्राकाठी टिकले असावे, हा त्यांचा तर्क १९४९ साली प्रसिद्ध झाला. सिकलसेलबाबत तसेच घडते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. आपल्या जंगलपट्ट्यातही हिवताप आणि सिकलसेल शेजारी शेजारी नांदतात. एका पालकाकडून हे जनुक आले, तर माणूस केवळ वाहक होतो. दोघांकडून आले, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि असह्य कळा येतात.

माझ्या मावसबहिणीला हा आजार आहे. घराण्याला दोष आहे, अशी कुजबुज होऊन त्या घरची एक सोयरीक मोडली. हॉल्डेन वाचल्यावर मला उमगले, की हा कलंक नव्हे. हिवतापाच्या रानात पूर्वज तगले, त्याची ही किंमत आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा मित्रहो, लग्न ठरविताना पत्रिकेआधी रक्ततपासणीचा कागद पाहावा आणि घराण्याला बोल लावणे सोडावे, एवढीच माझी विनंती आहे.