विश्लेषण : खासदारकी की धर्मसेवा? विल्यम विल्बरफोर्स यांनी राजकारण का सोडले नाही?

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद व्हावा यासाठी पार्लमेंटमध्ये वीस वर्षे झगडलेले खासदार, अशी विल्यम विल्बरफोर्स यांची ओळख आहे. पण ही लढाई सुरू होण्याआधी, वयाच्या २६ व्या वर्षी, ते राजकारणच सोडून देण्याच्या विचारात होते. देवाचे काम करायचे तर धर्मगुरू व्हावे की आहे त्या जागीच राहावे, असा पेच त्यांना पडला होता. चांगली नोकरी सोडून काहीतरी अर्थपूर्ण करावे असे ज्यांना वाटते, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

विल्बरफोर्स कोण होते?

जन्म २४ ऑगस्ट १७५९, इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी. घराणे व्यापाऱ्यांचे, पैशांची ददात नाही. वडील लवकर गेले आणि काही काळ ते काका-काकूंकडे राहिले. तिथल्या कडक धार्मिक वातावरणाची छाप मुलावर पडू लागताच आईने त्याला परत आणले. केंब्रिजमध्ये शिक्षण झाले, पण अभ्यासापेक्षा पत्ते आणि मित्रमंडळी जास्त. १७८० मध्ये, २१ व्या वर्षी, ते हलचे खासदार झाले. त्या निवडणुकीत त्यांनी आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम उधळली. मतदारांना पैसे वाटणे तेव्हा रूढच होते. १७८४ मध्ये यॉर्कशायरसारखा मोठा, मानाचा मतदारसंघ मिळाला. जवळचा मित्र विल्यम पिट २४ व्या वर्षीच पंतप्रधान झाला होता. गोड गळा, हजरजबाबी बोलणे आणि लंडनच्या बड्या क्लबांचे सदस्यत्व, असा हा उमदा तरुण होता.

मग बिनसले कुठे?

१७८४-८५ मध्ये युरोपच्या प्रवासात आयझॅक मिल्नर हे विद्वान त्यांच्यासोबत होते. वाटेत दोघांनी फिलिप डॉड्रिज यांचे एक धार्मिक पुस्तक वाचले, नंतर मूळ ग्रीकमधला नवा करार. १७८५ च्या शरद ऋतूपर्यंत विल्बरफोर्स यांची झोप उडाली होती. हातात वेळ, पैसा, वक्तृत्व सगळे असताना आपण ते वाया घालवले, ही टोचणी त्यांना लागली. पहाटे उठून प्रार्थना आणि रोज स्वतःची झाडाझडती सुरू झाली.

हा बदल सांगायचीही चोरी होती. लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात धर्माबद्दल असा कळवळा म्हणजे चेष्टेचा विषय. शिवाय ज्याचे मन असे पालटते त्याने राजकारण, व्यापार सोडून व्यासपीठावर उभे राहावे, ही समजूत पक्की होती. खरे तर प्रत्येक प्रामाणिक काम ही देवाने सोपवलेली जबाबदारी आहे, मोची आणि मोलकरणीचे कामही त्यात आले, अशी शिकवण मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकातच दिली होती. पण शिकवण पुस्तकात राहते आणि समाज आपल्या पायऱ्या ठरवतोच.

निर्णय कसा झाला?

त्यांनी पिट यांना पत्र लिहून मन मोकळे केले. पिट धार्मिक वृत्तीचे नव्हते, तरीही त्यांनी मित्राला एकांतात जाऊ नकोस असे समजावले. श्रद्धा खरी असेल तर ती कामातून दिसावी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दुसरी भेट अधिक मोलाची ठरली. ७ डिसेंबर १७८५ रोजी विल्बरफोर्स पाद्री जॉन न्यूटन यांच्या घरी गेले. कोणी पाहील या धास्तीने ते आधी चौकाला फेऱ्या मारत राहिले, मग दार ठोठावले. ‘अमेझिंग ग्रेस’ या भजनाचे कर्ते असलेले न्यूटन तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. विशेष म्हणजे, धर्माकडे वळल्यानंतरही काही वर्षे ते ही जहाजे चालवत राहिले. त्या काळी त्यांना त्यात पाप दिसले नव्हते. तब्येतीमुळे समुद्र सुटला, मग लिव्हरपूल बंदरात कराची नोकरी, ती सोडून १७६४ मध्ये पाद्रीपद. स्वतः नोकरी सोडून धर्मसेवेत आलेल्या या माणसाने तरुण खासदाराला मात्र राजीनामा देऊ नका, मित्रही तोडू नका, असा सल्ला दिला. पार्लमेंटमध्ये जे करता येईल ते व्यासपीठावरून करता येणार नाही, हे त्यांनी ओळखले.

खासदार राहून काय केले?

आधी क्लबांचे सदस्यत्व सोडले, जुगार बंद केला, रोजचा अभ्यास वाढवला. पण नेमके काम कोणते, हे त्यांना एकट्याला सुचले नाही आणि आपल्या मते गोष्टीतला हाच भाग सर्वात लक्षात घेण्याजोगा आहे. १७८६ च्या अखेरीस नौदलातील अधिकारी सर चार्ल्स मिडलटन यांनी पत्र लिहून गुलाम व्यापाराचा प्रश्न सभागृहात मांडण्याची विनंती केली. थॉमस क्लार्कसन हे घोड्यावरून बंदरे पालथी घालून खलाशांच्या साक्षी, बेड्या, कागदपत्रे गोळा करत होते. क्वेकर पंथाचे कार्यकर्ते संघटना बांधत होते. स्वतः गुलामीतून सुटलेले ओलाउडा इक्वियानो यांनी १७८९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. या सगळ्यांना हवा होता सभागृहातला आवाज. ती जागा विल्बरफोर्स यांच्याकडे होती.

१२ मे १७८९ रोजी ते सुमारे साडेतीन तास बोलले. १७९१ मध्ये ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. पुढच्या वर्षी सभागृहाने बंदी मान्य केली, पण त्यात ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द घुसवून तिचे दात काढले. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर सुधारणा मागणारा प्रत्येक जण क्रांतिकारक ठरू लागला. १७९६ मध्ये केवळ चार मतांनी हार झाली आणि तीही काही समर्थक त्या रात्री नव्या ऑपेराला गेले म्हणून!

आजूबाजूची माणसेही आपापल्या पेशातच राहिली. लंडनजवळच्या क्लॅपहॅम गावातल्या या मंडळींत हेन्री थॉर्नटन हे बँकर होते. झॅकरी मॅकॉले पूर्वी जमैकात गुलामांच्या मळ्यावर देखरेख करत, आता आकडे आणि पुरावे तेच जुळवत. (आपल्याकडच्या शिक्षणाच्या वादात ज्यांचे नाव अजून निघते, त्या थॉमस मॅकॉले यांचे हे वडील.) वकील जेम्स स्टीफन यांनी शक्कल लढवली. युद्धकाळात शत्रुराष्ट्रांच्या वसाहतींना गुलाम पुरवणे ब्रिटिशांना बेकायदा ठरवावे, म्हणजे देशभक्तीच्या नावाखाली व्यापाराचा मोठा हिस्सा बंद होईल. १८०६ मध्ये तो कायदा झाला. पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १८०७ रोजी, मूळ विधेयक २८३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाले. सभागृह उभे राहून दाद देत असताना विल्बरफोर्स यांचे डोळे वाहत होते.

राजकारणात राहण्याची किंमत?

मंत्रीपद त्यांना कधी मिळाले नाही. पोटाच्या विकारावर १७८८ पासून अफू घ्यावी लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. पण हिशेब फक्त त्यागाचा नाही. राजकारणात राहून त्यांनी कामगारांच्या संघटनांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला आणि १८१९ च्या दडपशाहीच्या कायद्यांनाही पाठिंबा दिला. स्त्रियांनी गुलामीविरोधी संघटना चालवणे त्यांना पसंत नव्हते. तरीही १८२४ मध्ये गुलामी तात्काळ संपवा, अशी ठाम मागणी करणारी पत्रिका लिहिली ती एलिझाबेथ हेरिक यांनीच.

भारताशी संबंध काय?

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोसे होते. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार होती. त्याच वर्षीच्या सनदी कायद्यात मिशनऱ्यांना वाट देणारे कलम यावे म्हणून विल्बरफोर्स झटले. त्या वेळी हिंदू धर्माबद्दल ते जे बोलले ते अज्ञानातून आलेले आणि अन्यायकारक होते. याच कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली.

शेवट कसा झाला?

१८२५ मध्ये ते खासदारकीतून निवृत्त झाले. खुद्द गुलामी संपवणाऱ्या विधेयकाने २६ जुलै १८३३ रोजी कॉमन्स सभागृहाचा शेवटचा टप्पा ओलांडला. ही बातमी आजारी विल्बरफोर्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि २९ जुलैला त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, पिट यांच्या जवळच, त्यांचे दफन झाले. त्या कायद्याने मळेवाल्यांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. उलट बहुतेकांना आणखी काही वर्षे जुन्याच मालकांकडे राबावे लागले.