क्रमाचा उपासक : सिसरो

रोमच्या आग्नेयेस असलेल्या आर्पिनम या लहानशा नगरात इ. स. पूर्व १०६ मध्ये मार्कस टलियस सिसरोचा जन्म झाला. घराणे सुस्थितीतले होते. परंतु त्यातील कोणीही रोममध्ये राज्यपद भूषविले नव्हते. पुढे येण्यासाठी या मुलाजवळ विद्या आणि वाणी हीच पुंजी होती.

आपल्याकडे मुले पाढे म्हणतात, त्याप्रमाणे रोमन मुलांना त्या काळी ‘बारा पट्ट’ हे प्राचीन कायदे मुखोद्गत करावे लागत. सिसरोच्या शिक्षणाचा आरंभही असाच झाला. रोममधील खटले भर चौकात, लोकांच्या गर्दीत चालत. वकिलाला समोर कागद न धरता दीर्घ भाषण करावे लागे. साक्षी, व्यवहार आणि रकमा यांचा क्रम चुकला, तर पक्षकाराचे सर्वस्व पणाला लागे.

हा क्रम साधण्याची विद्या ग्रीकांकडून आली होती. मेजवानीतून बाहेर पडलेल्या सिमोनिडीस कवीच्या मागे छत कोसळले; तेव्हा कोण कोठे बसले होते, हे आठवून त्याने छिन्नविच्छिन्न प्रेते ओळखली, अशी कथा आहे. इ. स. पूर्व ५५ मधील वक्तृत्वविषयक ग्रंथात सिसरोने ती सांगून स्मरणाचा खरा आधार क्रम हाच आहे, असे प्रतिपादन केले. परिचित वास्तूतील एकेका जागी एकेका मुद्द्याचे ठळक चित्र मनाने ठेवायचे आणि बोलताना त्याच वाटेने फिरून ती चित्रे वेचायची, अशी ही रीत होती. मात्र सिसरोने लेखणीही सोडली नाही. लेखन हाच वक्त्याचा उत्तम गुरू, असे तो मानी. राजकारणात शिरल्यावर त्याने नागरिकांची नावे, घरे, शेते आणि शेजारीपाजारीही लक्षात ठेवण्याचा परिपाठ घातला.

त्याचा मोठा प्रतिस्पर्धी हॉर्टेन्शियस याला स्मरणशक्तीचे विलक्षण वरदान होते. मनात योजलेले भाषण, एक अक्षरही न लिहिता, तो जसेच्या तसे करी. इ. स. पूर्व ७० मध्ये सिसिलीला लुबाडणाऱ्या व्हेरेस या माजी सुभेदारावरील खटल्यात दोघे समोरासमोर आले. पुढील वर्षी हॉर्टेन्शियस स्वतः कॉन्सल होणार असल्याने, खटला तोवर लांबविण्याचा बचावपक्षाचा डाव होता. सिसरोने पुराव्यासाठी ११० दिवस मागितले होते. ते काम त्याने ५० दिवसांत उरकले. लांबलचक भाषण टाळून त्याने एकेक आरोप आणि त्यामागोमाग त्याचे साक्षीदार व कागदपत्रे अशी मांडणी केली. त्या सुसूत्र मांडणीपुढे बचाव टिकला नाही. निकालापूर्वीच व्हेरेसने रोम सोडले.

हॉर्टेन्शियसच्या मृत्यूनंतर सिसरोने त्याच्या स्मरणशक्तीचा मनमोकळा गौरव केला. पण कॉन्सलपद भोगल्यावर त्याचा नित्याचा अभ्यास सैल झाला आणि वाणीचे तेज ओसरत गेले, हेही नोंदविले. सिसरो स्वतः मात्र कॉन्सल झाल्यानंतरही अभ्यासापासून ढळला नाही.

इ. स. पूर्व ४३ मध्ये राजकीय वैरातून त्याची हत्या झाली. बुद्धीचे देणे ज्याच्या त्याच्या वाट्याचे असते. रोजची उजळणी मात्र प्रत्येकाच्या हातची आहे, हेच त्याचे आयुष्य सांगते.