मॉड अ‍ॅबट : निळ्या बालकांच्या हृदयाची अभ्यासक

मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठाने स्त्री म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारल्यावर मॉड अ‍ॅबट यांनी १८९४ मध्ये बिशप्स महाविद्यालयातून पदवी मिळवली. पुढे मॅक्‌गिलच्याच वैद्यकीय संग्रहालयाची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे जतन केलेल्या हृदयांतून त्यांनी जन्मजात दोषांचा अभ्यास आरंभला. काही अर्भकांत महाधमनी उजव्या जवनिकेतून, तर फुप्फुसधमनी डाव्या जवनिकेतून निघते. अशुद्ध रक्तच शरीरभर फिरते व बाळ निळे पडते. अशा नाना दोषांच्या एक हजार रुग्णांवर आधारलेला त्यांचा सचित्र ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४० मध्ये त्या निवर्तल्या. चारच वर्षांनी बाल्टिमोरमध्ये निळ्या बालकावर पहिली शस्त्रक्रिया झाली; तिची कल्पना मांडणाऱ्या हेलन टॉसिग यांना अ‍ॅबट यांच्याच अभ्यासाने वाट दाखवली होती.